धवल्यांचे व्हिडिओ उतरवून ठेवायचं काम : नोंदी, घणसोली

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

आजपासून नोंदी ठेवतोय. आता भाची पण कामात आलीये, पुढे अजून कोणी आलं तर त्याला कळायला पाहिजे की कुठली फाइल कुठून आली, कोणाला विचारून आली आणि उतरवताना नक्की काय काय लावलं होतं.

काम असं आहे. आपल्या आगरी-कोळी गावांमध्ये मांडवाला, हळदीला धवलारीण जे धवले, म्हणजे लग्नातली गाणी, गाते ते आमच्याकडे तरी कोणी वहीत उतरवलेले नाहीत, एकीचं ऐकून दुसरी शिकली असंच आजवर चालत आलंय. १९७० ला नवी मुंबई वसवायला सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी गेल्या, भातशेती गेली, मिठागरं गेली, पण लग्नातला धवला राहिला. आता मात्र हळदीला बेंजो आणि डीजे एकदा सुरू झाला की धवलारणीच्या हातात माइक येतो तो थोडा वेळच, आणि गाणाऱ्या बायका पण म्हाताऱ्या होत चालल्यात. जे काही रेकॉर्ड झालंय ते कोणाच्या तरी पुतण्याने मोबाइलवर काढलेलं किंवा शूटिंगवाल्याने अख्ख्या लग्नाच्या कॅसेटसोबत स्वतःच्या युट्यूब चॅनलवर चढवलेलं. असली छोटी छोटी चॅनल घणसोली, गोठिवली, बोनकोडे, करावे, दिवाळे, तिकडे पार पनवेल-उरणपर्यंत विखुरलेली आहेत. चॅनलवाल्याने अकाउंट बंद केलं की विषय संपला. दिवाळ्याच्या एका चॅनलचं तेच झालं, लिंक उघडली तर व्हिडिओ उपलब्ध नाही एवढंच येतं, आणि त्यात गाणारी आजी पण आता नाही. ते गाणं गेलं ते गेलंच.

म्हणून विचारून, परवानगी घेऊन, सगळं उतरवून एका जागी ठेवायचं. तुळशीची लग्नं लागायला लागली, आता लग्नसराई, म्हणजे माणसं भेटतील पण.

साधन ठरलं: वायटी-डीएलपी, युट्यूबवरचे व्हिडिओ उतरवणारं टूल. कमांड लाइनचं आहे, म्हणजे बटणं नाहीत, कमांड टाइप करायची, फुकट आहे, पायथनमध्ये लिहिलेलं आहे. लिंक टाका आणि डाउनलोड करा अशा वेबसाइट भाचीने दाखवल्या, पण त्यांच्यात जाहिरातींचा चिखल, आणि त्या फक्त व्हिडिओ देतात, खाली लिहिलेली माहिती, तारीख, चॅनलचं नाव काहीच देत नाहीत. आपल्याला तीच जास्त पाहिजे.

९ नोव्हेंबर, रविवार

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स होतंच, त्यावर वायटी-डीएलपी आणि एफएफएमपेग टाकलं. दोन्ही का लागतात ते भाचीला समजावलं ते इथे पण लिहून ठेवतो. कमांडमध्ये डॅश कॅपिटल एफ हा ऑप्शन लावून लिंक दिली की काहीच उतरत नाही, फक्त यादी येते की हा व्हिडिओ कुठल्या कुठल्या रूपात ठेवलेला आहे. त्या यादीत १३७ नंबर म्हणजे १०८०पीचं नुसतं चित्र, आवाज नाही. १४० म्हणजे नुसता आवाज, एम४ए मध्ये. मोठ्या साइझला चित्र आणि आवाज असे वेगळेच ठेवलेले असतात, टूल दोन्ही उतरवतं आणि एफएफएमपेग ते जोडून एक फाइल करतं. जोडताना पुन्हा एनकोड होत नाही, म्हणजे चित्र-आवाज नव्याने दाबले जात नाहीत, त्यामुळे क्वालिटी जात नाही आणि वेळ पण लागत नाही. एफएफएमपेग नसेल तर मोठ्या साइझची जोडलेली फाइल मिळत नाही.

जुने व्हिडिओ बघून वाईट वाटतं, २०१०-११ चे काही तर २४०पीच आहेत, त्या वेळच्या फोनवर काढलेले, चेहरे पण नीट ओळखू येत नाहीत. पण आवाज येतो. आपल्याला आवाज महत्त्वाचा, म्हणून नियम केला की चित्र जे सगळ्यात चांगलं असेल ते घ्यायचं आणि आवाजात तडजोड करायची नाही.

लिंका एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये टाकल्या, एका ओळीत एक, डॅश ए लावून ती फाइल दिली की एकामागून एक उतरतात. त्या फाइलमध्ये हॅशने सुरू होणारी ओळ टूल वाचत नाही, सोडून देतं. त्यामुळे प्रत्येक लिंकच्या वर हॅश टाकून लिहिलंय, गाव, कोणाच्या घरचं लग्न, कोणाला फोन केला, हो म्हणाले की नाही. ज्यांनी अजून हो म्हटलेलं नाही त्यांच्या लिंकच्या पुढे पण हॅश. होकार आला की तो हॅश काढायचा, मगच ती उतरणार. ही पद्धत मला फार आवडली, वेगळी वही नको, परवानगी आणि लिंक एकाच जागी.

१६ नोव्हेंबर, रविवार

आठवड्यात टूल अपडेट केलं आणि इशारा यायला लागला की जावास्क्रिप्ट रनटाइम, म्हणजे जावास्क्रिप्टचा कोड चालवणारा प्रोग्राम, सापडत नाही, आणि फॉरमॅटच्या यादीतून काही ओळी गायब. कारण शोधलं. युट्यूबचा प्लेअर व्हिडिओची लिंक देण्याआधी जावास्क्रिप्टमधली कोडी सोडवायला लावतो, ब्राउझर ती आपोआप सोडवतो. आधी वायटी-डीएलपी आपल्या आतल्या आत छोट्याशा इंटरप्रिटरने ते भागवत होतं, आता कोडी इतकी वाढलीत की ते पुरत नाही, म्हणून याच महिन्यात आलेल्या २०२५.११.१२ या आवृत्तीपासून युट्यूबसाठी बाहेरचा रनटाइम लागतो. टूल बनवणाऱ्यांची शिफारस डेनो या रनटाइमची आहे. नोड पण चालतो पण तो वेगळा ऑप्शन देऊन चालू करावा लागतो, डेनो टाकला की टूल स्वतः ओळखतं. डेनो टाकला, यादी पूर्ववत आली.

आवृत्तीचा नंबर म्हणजे तारीखच असते त्यामुळे आपलं किती जुनं झालंय ते लगेच कळतं. काही अडलं की आधी अपडेट, मग बाकीचं डोकं.

भाचीने विचारलं की हे टूलच उद्या बंद पडलं तर. प्रश्न बरोबर आहे. याचा मूळ पुरुष म्हणजे युट्यूब-डीएल, २००६ पासूनचं. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या रेकॉर्डिंग कंपन्यांच्या संघटनेने नोटीस दिली आणि त्याचा कोड जिथे ठेवलेला होता त्या गिटहब साइटने ते काढून टाकलं, मग ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या वकिलांनी बाजू मांडली आणि १६ नोव्हेंबर २०२० ला गिटहबने परत ठेवलं. पुढे त्याचं काम मंदावलं तेव्हा २०२१ पासून वायटी-डीएलपी पुढे गेलं. कोड उघडा आहे म्हणून एकाने सोडलं तर दुसरा उचलतो, धवल्याचं पण असंच चालत आलंय की. पण भरवसा ठेवून थांबायचं नाही, उतरवायचं आत्ताच.

२३ नोव्हेंबर, रविवार

आजचा अख्खा दिवस फाइलच्या नावांत गेला, पण हे मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला लागणार आहे म्हणून सविस्तर लिहितो.

काही व्हिडिओ उतरायला नकार देत होते, एरर काय तर फाइलचं नाव फार लांब. नाव बघितलं तर तेवढं लांब वाटत नव्हतं. पण लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल-सिस्टीममध्ये नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, अक्षरं नाही, बाइट. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीत प्रत्येक चिन्हाला तीन. आणि चिन्ह म्हणजे आपण म्हणतो ते अक्षर पण नाही, काना वेगळा, मात्रा वेगळी, हलन्त वेगळा. ‘लग्नातला’ हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा दिसतो, पण आतमध्ये ल, ग, हलन्त, न, काना, त, ल, काना अशी आठ चिन्हं, म्हणजे २४ बाइट. युट्यूबवर शीर्षक १०० चिन्हांपर्यंत लिहिता येतं, पूर्ण मराठीत लिहिलं तर ३०० बाइटच्या आसपास, म्हणजे बसणारच नाही. आणि आपली शूटिंगवाली मंडळी शीर्षकात नवरा-नवरीचं नाव, गाव, साल, पारंपरिक, आगरी, धवला, सगळं भरतात. विंडोजवर हीच फाइल बिनतक्रार बसते कारण तिथे बाइट न मोजता चिन्हं मोजतात.

नेटवर सगळीकडे उपाय सांगतात की डबल डॅश रिस्ट्रिक्ट-फाइलनेम्स लावा. ते मराठीवाल्याने अजिबात लावू नये. ते इंग्रजी सोडून सगळी अक्षरं काढून तिथे अंडरस्कोर टाकतं, अख्खं शीर्षक पुसलं जातं आणि हातात राहतो फक्त व्हिडिओचा आयडी, म्हणजे युट्यूबने त्याला दिलेला ओळख-क्रमांक.

बरोबर उपाय असा: डॅश ओ मध्ये नावाचा साचा देतात त्यात टायटलच्या पुढे पॉइंट १५० आणि कॅपिटल बी लिहायचं, मग ते टायटल १५० बाइटवर कापतं. कापताना अर्धवट चिन्ह राहिलं तर ते टाकून देतं, कचरा अक्षरं येत नाहीत. शेवटची वेलांटी मात्र जाऊ शकते, ‘हळदी’चं ‘हळद’ होईल, ते चालेल. दीडशेच का, तर उतरत असताना टूल नावाच्या शेवटी फॉरमॅटचा नंबर आणि पार्ट वगैरे जोडतं, इन्फो-जेसन या व्हिडिओची माहिती ठेवणाऱ्या फाइलचं शेपूट पण लांब असतं, सगळ्याला जागा पाहिजे. नावात आधी अपलोडची तारीख, मग चॅनल, मग टायटल, शेवटी चौकोनी कंसात आयडी. आयडी कधी काढायचा नाही, उद्या मूळ पानाशी जोडणारा तोच एक धागा आहे.

पूर्ण शीर्षक हरवत नाही, ते इन्फो-जेसनमध्ये असतंच.

३० नोव्हेंबर, रविवार

आजचं काम सगळ्यात मोलाचं झालं असं मला वाटतं.

डबल डॅश राइट-इन्फो-जेसन लावलं की व्हिडिओच्या शेजारी एक फाइल येते, तिच्यात शीर्षक, खालचं वर्णन, अपलोडची तारीख, चॅनल, लांबी सगळं. हे आधीपासून लावलेलं होतं. भाची म्हणाली कमेंट पण घेऊया. तसा ऑप्शन आहे, राइट-कमेंट्स, त्या कमेंट त्याच फाइलमध्ये जाऊन बसतात.

आणि मग वाचत बसलो. बोनकोड्याच्या एका हळदीचा व्हिडिओ, वर्णनात नुसतं ‘आगरी हळद’, गाणारीचं नाव कुठेच नाही. खाली कमेंटमध्ये एकाने लिहिलंय ही माझी बय आहे, उजवीकडे हिरव्या लुगड्यात. दुसऱ्या एका बाईने लिहिलंय की हा धवला आमच्याकडे मांडवाला गातात, हळदीला नाही, आणि तिच्या गावाकडच्या दोन ओळी पण लिहून दिल्यात ज्या व्हिडिओत नाहीतच. म्हणजे गाणं एका जागी आणि गाण्याची ओळख तिथल्या लोकांच्या लिहिण्यात. नुसता व्हिडिओ उतरवून ठेवला असता तर पन्नास वर्षांनी एक अनोळखी बाई काहीतरी गातेय एवढंच उरलं असतं.

तर आता नियम: इन्फो-जेसन आणि कमेंटशिवाय एकही व्हिडिओ घ्यायचा नाही. आधी उतरवलेल्यांसाठी स्किप-डाउनलोड लावून फक्त माहिती परत आणली, व्हिडिओ परत उतरवावा लागत नाही. कमेंटमध्ये लोकांची नावं, कधी फोन नंबर पण असतात, ते कुठे बाहेर द्यायचे नाहीत, फक्त माणूस शोधायला वापरायचे. हिरव्या लुगड्यातल्या आजींचा नातू सापडला. आजी आहेत. पुढच्या आठवड्यात जातोय.

७ डिसेंबर, रविवार

परवानगीचं. युट्यूबच्या अटींप्रमाणे त्यांची आणि हक्कदाराची परवानगी असल्याशिवाय डाउनलोड करता येत नाही. म्हणून जिथे चॅनलवाला अजून लॉगिन करू शकतो तिथे पहिला पर्याय त्याने स्वतः गूगल टेकआऊटमधून आपले अपलोड एकगठ्ठा काढून देणं, तिथे आपल्या टूलची गरजच नाही. कोणी कौतुकाने पासवर्ड द्यायला लागतं, तो घ्यायचा नाही, कितीही जवळचं नातं असलं तरी. मूळ फाइल शूटिंगवाल्याकडे हार्डडिस्कमध्ये असेल तर सगळ्यात उत्तम, ती युट्यूबने पुन्हा दाबलेली नसते. आपलं टूल ज्यांचं लॉगिन गेलंय, फोन हरवलाय, पण माणूस आहे आणि हो म्हणतोय, अशांसाठी. असे बरेच आहेत.

पण चॅनलवाल्याचा होकार पुरत नाही असं माझं ठाम मत झालंय. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ३८ मध्ये सादर करणाऱ्याचा स्वतंत्र हक्क आहे, ५० वर्षांचा, ज्या वर्षी गायलं त्याच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजतात. आणि सादर करणारा म्हणजे कोण याची यादी कायद्यात आहे, तिच्यात गायक, वादक, नाचणारा तर आहेच पण कसरतवाला आणि गारुडी पण आहे. मग आमची धवलारीण का नाही? कॅमेरा ज्याचा त्याला विचारायचं आणि जिने गायलं तिला विचारायचं नाही हे मला पटत नाही.

संध्याकाळी आजींकडे गेलो. लॅपटॉपवर व्हिडिओ लावला, त्यांनी पहिल्यांदाच बघितला, इतक्या वर्षांत कोणी दाखवलाच नव्हता. हेडफोन नको म्हणाल्या. अर्ध्यात थांबवायला लावला आणि म्हणाल्या, “यो माजा आवाज नाय.” पुढची ओळ धरणारी दुसरीच होती, त्यांची जाऊ, आजी मागून झेलत होत्या. कमेंटमध्ये नातवाने लिहिलेलं चेहऱ्यावरून होतं, आवाज कोणाचा ते आजींनाच माहीत. जाऊबाई आता नाहीत, त्यांची मुलगी कोपरखैरण्याला असते, तिला विचारायचं ठरलं. आजींनी स्वतःच्या वतीने हो सांगितलं, ते त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून फाइलसोबत ठेवलंय. आणि व्हिडिओत तुटलेल्या ओळी पण त्यांनी पूर्ण म्हणून दाखवल्या, त्या भाचीने लिहून घेतल्या.

इन्फो-जेसनमध्ये आपण काही बदलायचं नाही, ते जसं आलं तसं. आपली माहिती वेगळ्या टेक्स्ट फाइलमध्ये, नाव तेच, आयडी तोच: पुढे धरणारी कोण, झेलणाऱ्या कोण, प्रसंग कुठला, कोणी सांगितलं, कधी.

१४ डिसेंबर, रविवार

आत्याने पेनड्राइव्हवर मागितलं, टीव्हीवर बघायला. इथे दोन गोष्टी अडल्या. एक, टूल आपणहून जे सगळ्यात चांगलं निवडतं ते बऱ्याचदा व्हीपी९ किंवा एव्ही१ या व्हिडिओ दाबायच्या नव्या पद्धतींमध्ये असतं, आत्याच्या जुन्या टीव्हीला ते उघडत नाही, आवाज येतो आणि काळा पडदा. टीव्हीसाठी डॅश टी एमपी४ लावून वेगळी प्रत काढली, ते शक्य तिथे एच२६४ चं चित्र आणि एएसीचा आवाज निवडतं. दुसरं, पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे, त्यात ४ जीबीच्या वरची एक फाइल बसत नाही, आणि अख्ख्या हळदीची शूटिंग त्याच्या वर जाते. आत्याला अख्खी हळद नकोच होती, धवला पाहिजे.

मधला तुकडाच उतरवायचा ऑप्शन आहे, डाउनलोड-सेक्शन्स, वेळ द्यायची इथपासून इथपर्यंत. पण तो तुकडा कीफ्रेमवर, म्हणजे व्हिडिओत मधून मधून येणाऱ्या पूर्ण चित्रावर, कापला जातो, त्यामुळे सुरुवात-शेवट थोडा इकडे तिकडे होतो. अचूक पाहिजे तर फोर्स-कीफ्रेम्स-अॅट-कट्स लावावं लागतं, मग पुन्हा एनकोड, जुन्या लॅपटॉपवर फार वेळ. संग्रहाला अख्खाच ठेवायचा, कारण धवल्याच्या आधी बायका काय बोलतात, कोण कोणाला उठवून आणतं, ते पण कामाचं आहे. तुकडे मागाहून एफएफएमपेगने करायचे.

ब्लूटूथ स्पीकरवर ऐकणाऱ्यांसाठी डॅश एक्स लावून नुसता आवाज. एम४ए आहे तसाच ठेवला तर काही घटत नाही. एमपी३ करताना थोडं घटतंच, म्हणून एमपी३ फक्त वाटायला, संग्रहात नाही.

२१ डिसेंबर, रविवार

आता रोज रोज लांब कमांड टाइप करत नाही, सगळे ऑप्शन कॉन्फिग फाइलमध्ये टाकलेत, एका ओळीत एक. नावाचा साचा, इन्फो-जेसन, कमेंट, थंबनेल, आणि डाउनलोड-आर्काइव्ह. हे शेवटचं फार उपयोगी, जे उतरलं त्याचा आयडी एका फाइलमध्ये लिहून ठेवतं आणि पुढच्या वेळी तो सोडून पुढे जातं, लाइट गेली, नेट गेलं, परत लावलं तरी पहिल्यापासून नाही. एक लक्षात ठेवायचं की तोच व्हिडिओ दुसऱ्याने आपल्या चॅनलवर चढवला असेल तर आयडी वेगळा, टूलला तो नवाच वाटतो. असे डबल निघाले तर ज्याचा आवाज चांगला तो मुख्य धरायचा, पण दोन्हीच्या कमेंट ठेवायच्या.

डॅश टी स्लीप पण लावलंय, ते प्रत्येक व्हिडिओच्या मध्ये १० ते २० सेकंद थांबतं. सावकाश चालू दे, रात्रभर आहे की. एकदम ओढायला गेलं की समोरून अडवतात आणि ते रास्त पण आहे.

दोन हार्डडिस्क, एक माझ्याकडे, एक ठाण्याला भाचीकडे, पूर आला, शॉर्टसर्किट झालं तरी एक राहील. दोन्हीकडे शा२५६ची यादी, म्हणजे प्रत्येक फाइलचा ठसा, फाइल जराशी बदलली तरी तो बदलतो, महिन्यातून एकदा जुळवून बघायची, कारण हार्डडिस्क न सांगता सडते.

कोपरखैरण्याच्या ताईंशी बोलणं झालं, जाऊबाईंची मुलगी. हो म्हणाल्या. आईचा आवाज असलेला अजून एक व्हिडिओ आहे म्हणाल्या, पण तो प्रायव्हेट करून ठेवलाय, अकाउंट भावाचं. भावाला सांगितलंय की पासवर्ड नको, टेकआऊट कर, कसं करायचं ते भाची फोनवर सांगणार आहे मंगळवारी.

करावेच्या चॅनलवाल्याचा पण होकार आला, लिंकांपुढचे हॅश काढलेत. पण गाणाऱ्यांपैकी एकीचाच पत्ता लागलाय, बाकीच्यांची नावं कमेंटमध्ये अर्धवट आहेत, ती यादी करून सीवूड्सला जाताना त्यांच्या गावातून जायचं. आज रात्री लावून झोपतो.